न निघालेल्या टपाल तिकिटाचा माग कसा काढायचा

सोलापुरात जुन्या पेढ्यांचे माळे अजून भरलेले आहेत. लाल खारव्यात बांधलेल्या वह्या, गिरण्यांचा पत्रव्यवहार, पावत्यांचे गठ्ठे, आणि त्यात कुठेतरी तिकिटांचं एक पाकीट. त्यातलं एखादं तिकीट कॅटलॉगमध्ये सापडत नाही, किंवा सापडतं पण रंग जुळत नाही. मग घरात चर्चा सुरू होते की हे ‘कधीच न निघालेलं’ तिकीट असणार.

बहुतेक वेळा ते तसं नसतं. पण असलं तर? म्हणूनच तपास नीट व्हायला हवा. न निघालेलं तिकीट म्हणजे पूर्ण छापून तयार झालेलं, पण टपाल खात्याने खिडकीवर विक्रीला न काढलेलं तिकीट. चलनातल्या तिकिटाला साक्षीदार पुष्कळ: शिक्का, तारीख, पाकीट, पत्ता, माहितीपत्रक. न निघालेल्या तिकिटाला यातलं जवळपास काहीच नसतं. त्यामुळे किंमत, दुर्मिळता, सौंदर्य हे सगळं नंतर पाहायचं. पहिला प्रश्न एकच, आणि तो शेवटपर्यंत सोडायचा नाही: हे छापखान्यातून बाहेर कसं आलं?

आधी नाव नीट ठरवा

एकाच ढिगात पाच-सहा निरनिराळ्या वस्तू मिसळलेल्या असतात. ‘एसे’ म्हणजे सुचवलेली पण न स्वीकारलेली आकृती. ‘प्रूफ’ म्हणजे छपाई तपासायला काढलेली प्रत. ती बहुधा जाड कागदावर किंवा कार्डावर असते. मागे डिंक नसतो, कडेला फाडण्यासाठी पाडलेल्या छिद्रांचे दाते नसतात. ‘स्पेसिमेन’ शिक्क्याची प्रत नमुना म्हणून वाटलेली असते आणि ते तिकीट पुढे रीतसर निघालेलंही असू शकतं. ‘मागे घेतलेलं’ तिकीट एखादा दिवस का होईना, विकलं गेलेलं असतं. न निघालेलं तिकीट या सगळ्यांहून वेगळं: पूर्ण शीट, नेहमीचा कागद, ज्या काळी डिंक आणि दाते असत त्या काळचं असेल तर तेही, थोडक्यात उद्या सकाळी खिडकीवर ठेवता येईल असं.

सोलापूर जिल्ह्यात गोंधळ घालणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. एक, जुन्या संस्थानांची आणि मुंबई सरकारची कोर्ट फी व पावती तिकिटं. ती टपालाची नाहीतच. त्यांवर पेनाची सही किंवा भोक पाडल्याची खूण असते. दुसरी गोष्ट अलीकडची. २०११ पासून टपाल खातं ‘माय स्टॅम्प’ योजनेत खासगी फोटो छापून देतं. आजोबांचा फोटो असलेलं तिकीट सापडलं की लोकांना वाटतं, सरकारने आजोबांवर तिकीट छापून रद्द केलं. तसं नसतं.

आणि रंग. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात खिडकीशी महिनाभर ठेवलेलं हिरवं तिकीट निळसर दिसू लागतं, कारण हिरव्यातला पिवळा अंश आधी उडतो. ब्लीचच्या वाफेनेही रंग पालटतो. बदललेल्या रंगाचं तिकीट म्हणजे खराब झालेलं तिकीट. मागची बाजू, डिंक आणि दात्यांच्या खाचेतला रंग पाहिला की बहुतेक वेळा खरं कळतं.

सराव सोपा आहे. आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर भारतीय टपाल खात्याने १९९३ मध्ये तिकीट काढलं. त्याआधी १९८२ मध्ये चीनने त्यांच्या चाळिसाव्या स्मृतिवर्षानिमित्त दोन तिकिटं काढली होती. भारताचं तिकीट, त्याचं प्रथम दिवस आवरण (तिकीट निघाल्या दिवशीचा शिक्का मारलेलं पाकीट) आणि माहितीपत्रक मिळवा. माहितीपत्रकावर प्रकाशनाची तारीख, छापलेल्या प्रतींची संख्या, छपाईची पद्धत आणि छापखाना दिलेला असतो. रीतसर निघालेल्या तिकिटामागे किती कागद उभा असतो ते एकदा हातात घेऊन बघितलं, की नसलेल्या कागदाची पोकळी ओळखता येते.

अर्ध्या आण्याचं लाल तिकीट

भारतात या विषयाचा पाया म्हणजे १८५४ चं अर्ध्या आण्याचं शेंदरी लाल तिकीट. संग्राहक त्याला ‘साडेनऊ कमानी’ म्हणतात. स्टॅन्ले गिबन्स या ब्रिटिश तिकीट-पेढीच्या कॅटलॉगमध्ये भारताच्या यादीत ते अगदी आरंभी आहे, आणि शेरा असा की वापरासाठी तयार केलं, पण अधिकृतपणे निघालं नाही.

त्याची हकिकत अशी. सिंधमध्ये बार्टल फ्रियरने १८५२ मध्ये ‘सिंध डाक’ची तिकिटं काढली होती, पण ती त्या प्रांतापुरती. सगळ्या हिंदुस्थानासाठी एकच दर आणि एकच तिकीट आणायचं ठरल्यावर छपाई कुठे करायची हा प्रश्न आला. कलकत्त्याच्या टांकसाळीतल्या कर्नल फोर्ब्जने सिंह आणि ताडाच्या झाडाची आकृती तयार केली. देखणी होती, पण टांकसाळीची यंत्रं लागेल तेवढा माल काढू शकली नसती, म्हणून ती मागे पडली. मग काम गेलं सर्व्हेअर जनरलच्या कचेरीतल्या कॅप्टन थुलियरकडे. नकाशे छापायची दगडावरची छपाई, म्हणजे लिथोग्राफी, तिथे चालत होती.

थुलियरने पहिल्यांदा अर्ध्या आण्याचं तिकीट शेंदरी शाईत छापलं. ती शाई विलायतेहून आलेली होती आणि ती संपली. देशी शेंदराची शाई दगडावर चालेना. आकृतीच बिघडू लागली. तेव्हा आकृती नव्याने करून अर्धा आणा निळ्या शाईत छापायला घेतला. लाल माल विक्रीला गेलाच नाही. पुढे लाल रंग एक आण्याच्या तिकिटाला मिळाला. आमच्या मते एकदा तसं झाल्यावर अर्ध्या आण्याचं लाल तिकीट विकायला काढणं शक्यच नव्हतं. दोन दरांना एकच रंग असता तर दिव्याच्या उजेडात टपाल निवडणाऱ्या कारकुनाने काय करायचं?

१ ऑक्टोबर १८५४ पासून निळं तिकीट देशभर लागू झालं. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पुण्याला जावो की पेशावरला. पाव तोळा म्हणजे सुमारे २.९ ग्रॅम, आजच्या ए-फोर कागदाच्या दोन-तृतीयांश तुकड्याइतकं वजन. सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली. त्याआधीचं इथलं टपाल हरकाऱ्यांच्या पायांवर चालत होतं, आणि पातळ कागदावर बारीक मोडीत का लिहीत, हे या पाव तोळ्यावरून कळतं. या काळाचं पत्र घरात असेल तर त्यावरचं तिकीट काढू नका. कडा कापू नका, मोडी मजकुराचा फोटो आधी घ्या.

आता ओळखायचं कसं. निळ्या, रीतसर निघालेल्या अर्ध्या आण्याच्या बाजूच्या नक्षीत आठ कमानी आहेत. न निघालेल्या लालमध्ये साडेनऊ. दहा पट भिंग घ्या, तिकीट काळ्या कार्डावर ठेवा, आणि बाजूची उभी नक्षी खालून वर मोजा. सुईचं टोक कागदाला लावू नका. भिंगाखाली फोटो काढून पडद्यावर मोजलेलं बरं. ही तिकिटं बिनदात्यांची, कात्रीने कापलेली असत आणि त्या काळी कापताना कुणी समास राखला नाही. एका बाजूची नक्षी कापली गेली असेल तर दुसऱ्या बाजूची मोजा. दोन्ही बाजू कापलेल्या असतील तर कमानींवरून निर्णय देता येत नाही, तिथे थांबायचं.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे एक आण्याचं लाल तिकीट अर्ध्या आण्याचं समजणं. दोन्हीवर राणीचं डोकं, दोन्ही लाल. खालची अक्षरं वाचा: ‘हाफ अ‍ॅना’ की ‘वन अ‍ॅना’. खालची पट्टी कापलेली असेल तर विक्रेता जे सांगेल ते मान्य करू नका. पट्टी मुद्दाम कापलेली असू शकते.

तपासणी, क्रमाने

लागणारं सामान थोडकं आहे: बोथट टोकाचा तिकिटांचा चिमटा, दहा पट भिंग, दाते मोजायची पट्टी, काळी उथळ बशी, ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च, आणि मिलिमीटरची पट्टी. हात धुऊन, कोरडे करून बसायचं. पंखा बंद. उन्हाळ्यात कपाळाचा घाम तिकिटावर पडतो, तेव्हा हे काम सकाळी सातच्या आत उरकावं.

पहिलं काम स्कॅन. दोन्ही बाजू, १२०० डीपीआय, शेजारी मिलिमीटरची पट्टी, स्कॅनरची रंग-सुधारणा बंद. पुढे काही बिघडलं तर आधीची स्थिती दाखवणारी ही एकच साक्ष.

मग भिंग. छपाईची पद्धत काळाशी जुळते का ते बघायचं. दगडावरच्या छपाईत शाई सपाट बसते, कागद दबत नाही. टाइपसारख्या उठावाच्या छपाईत रेषेच्या कडेला शाई पिळून जमते आणि मागून दाब जाणवतो. खोदीव ताटावरच्या छपाईत शाई बोटाला नाही तरी तिरप्या उजेडात उंच दिसते. फोटोग्राव्ह्युअरमध्ये बारीक जाळीचे ठिपके. आणि घरच्या प्रिंटरवर काढलेल्या नकलेत? लाल रंगाच्या ठिकाणी पिवळे आणि गुलाबी ठिपके शेजारी-शेजारी दिसतात. १८५४ च्या छपाईत एकच शेंदरी शाई होती. भिंगाखाली ती एकसंध, कुठे विरळ कुठे दाट दिसेल, पण तिच्यात पिवळा ठिपका निघणार नाही. दोन रंगांचे ठिपके दिसले की पुढच्या तपासण्या करायची गरज उरत नाही.

अतिनील टॉर्च अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर न मारता. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या पुष्कळ कागदांत चकाकी आणणारी रसायनं असतात; ती निळसर पांढरी उजळतात. शंभर वर्षांपूर्वीचं म्हणवणारं तिकीट असं उजळलं तर कागद नवा आहे. उलट मात्र खरं नाही: न उजळणारा कागद जुन्या वहीतला कोरा भागही असू शकतो, आणि नकली माल करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

जलचिन्ह म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली फिकट खूण. ती पाहायला तिकीट पालथं काळ्या बशीत ठेवायचं. आधी नुसत्या तिरप्या उजेडात बघा. पुष्कळदा तेवढ्याने भागतं. जलचिन्हासाठी मिळणारं द्रव वापरायचंच झालं तर एक-दोन थेंब, खिडक्या उघड्या, आसपास ज्योत नाही. फोटोग्राव्ह्युअर तिकिटाला ते लावू नका, शाई सुटू शकते. १८५४ च्या मालिकेच्या कागदात ईस्ट इंडिया कंपनीचं मोठं चिन्ह पूर्ण शीटभर पसरलेलं होतं, म्हणून एका सुट्या तिकिटावर त्याचा तुकडाच येतो, किंवा काहीच येत नाही. १८५५ पासून लंडनच्या डी ला रू या छापखान्याकडे छपाई गेली. १८६५ पासून हत्तीचं डोकं, मग तारा अशी जलचिन्हं आली. नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसने १९२६ पासून छपाई घेतल्यावर एकाच तिकिटावर अनेक तारे दिसू लागले. तिकिटावरची आकृती एका काळाची आणि जलचिन्ह दुसऱ्या काळाचं, असं निघालं तर कुणीतरी खऱ्या जुन्या तिकिटाची छपाई धुऊन त्याच कागदावर नवं छापलेलं असू शकतं.

दाते दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं येतात यावर मोजतात. चारही बाजू मोजा. एका बाजूचे दाते फारच धारदार आणि सरळ असतील तर ते नंतर पाडलेले असतात. ‘बिनदात्यांचं’ म्हणून विकलं जाणारं तिकीट शेजारच्या साध्या तिकिटावर ठेवून बघा. दाते कापून केलेलं असेल तर ते अरुंद पडतं.

डिंक हा विसाव्या शतकातल्या न निघालेल्या तिकिटाचा मोठा पुरावा आहे. पाण्यात भिजवू नका, हिंज (अल्बममध्ये तिकीट लावायची डिंकाची कागदी पट्टी) चिकटवू नका. भिजवलं की छापखान्यातून आलेली मागची बाजू गेली, ती परत येत नाही.

बाहेर पडायची वाट

वस्तू खरी ठरली तरी अर्धंच काम झालं. आता ती बाहेर कशी पडली ते शोधायचं. जगातल्या पक्क्या हकिकती पाहिल्या तर प्रत्येकीत ही वाट दाखवता येते, नावानिशी.

इंग्लंडचं दोन पेनीचं ‘टिरियन प्लम’ घ्या. १९१० मध्ये सातव्या एडवर्डच्या चेहऱ्याचं हे जांभळट तिकीट २ कोटी ४० लाख प्रतींत छापून तयार होतं. ६ मे १९१० ला राजा वारला, आणि जवळजवळ सगळा साठा नष्ट केला. टपालातून गेलेली एकच प्रत माहीत आहे: ५ मे रोजी युवराजाला पाठवलेल्या पाकिटावरची. ते पोचलं त्या दिवशी युवराज पंचम जॉर्ज झाला होता. इथे पाकीट, तारीख, पाठवायचं ठिकाण, घेणारा, सगळं हाती आहे.

दुसरी हकिकत आपल्याला जवळची वाटावी अशी. ऑस्ट्रेलियात १९३६ मध्ये आठव्या एडवर्डचं दोन पेनीचं लाल तिकीट छापलं जात होतं. क्वीन्सलंडचा गव्हर्नर सर लेस्ली विल्सन छापखाना बघायला गेला, तेव्हा त्याने सही केलेली एक शीट त्याला देण्यात आली. त्याने त्यातली सहा तिकिटं इंग्लंडला पाठवून दिली. डिसेंबर १९३६ मध्ये राजाने गादी सोडली, साठा नष्ट करायचा हुकूम निघाला, विल्सनकडून उरलेली तिकिटं परत घेतली. ती सहा मात्र राहिली. हाच विल्सन १९२३ ते १९२८ मुंबईचा गव्हर्नर होता, सोलापूर त्याच्याच इलाख्यात होतं, आणि भंडारदऱ्याच्या धरणाला विल्सन डॅम म्हणतात ते त्याच्यावरूनच. ती सहा तिकिटं खरी आहेत असं जग मानतं ते शाईमुळे किंवा कागदामुळे तेवढं नाही. कोण, कुठे, कशाला आणि कुणाकडे, याची साखळी तुटत नाही म्हणून मानतं.

जर्मनीचं ऑड्री हेपबर्नचं तिकीट तिसरं. २००१ मध्ये १ कोटी ४० लाख प्रती छापल्या. तोंडात सिगारेटची नळी असलेलं चित्र तिच्या मुलाला मान्य नव्हतं, परवानगी मिळाली नाही, आणि साठा नष्ट करायचा ठरला. नमुन्यासाठी दिलेल्या शीट्समधली काही तिकिटं तरी बाहेर राहिली. पुढे काही चक्क पत्रांवर वापरलेली सापडली. दहा तिकिटांचं एक शीट २०१० मध्ये बर्लिनला लिलावात ४ लाख ३० हजार युरोला गेलं.

तेव्हा तुमच्या पाकिटातल्या तिकिटाला हाच प्रश्न विचारा. घरातलं कुणी नाशिक रोडच्या प्रेसमध्ये, टपाल खात्यात, छपाईच्या ठेक्यात होतं का? कुणाला नमुना म्हणून शीट मिळाली असेल का? कधी? पाकीट कुठल्या वर्षाच्या वह्यांमध्ये होतं, वर-खाली कुठल्या वह्या होत्या? गठ्ठा सोडायच्या आधी फोटो काढा, मग क्रमाने एकेक वस्तू उचला. घरातल्या वयस्कर माणसांना विचारताना उत्तर सुचवू नका. ‘हे काकांनी नाशिकहून आणलं होतं ना?’ असं विचारलं की ‘हो’ येतंच, आणि त्या ‘हो’ला किंमत राहत नाही. ‘हे पाकीट पहिल्यांदा कधी पाहिलं?’ एवढंच विचारा, सांगितलेलं शब्दशः लिहा, खाली तारीख आणि सही घ्या.

जुन्या बाजारात कुणी ‘प्रेसमधून रिजेक्ट झालेला माल’ म्हणून तिकिटं पुढे केली तर घेऊ नका. छापखान्यातला रद्द माल मोजून नष्ट करायचा असतो. तो बाहेर आला असेल तर चोरीचा आहे, आणि बहुधा तो प्रेसचा नसतोच.

कागदपत्रं, सोलापुरात बसून

ब्रिटिश काळासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ उघडा. शोधशब्द इंग्रजीत आणि जुन्या वळणाने द्यायचे. तिकिटांना तेव्हा ‘पोस्टेज लेबल्स’ही म्हणत, फक्त ‘स्टॅम्प’ टाकलं तर स्टॅम्पपेपरचे ढीग येतात. सोलापूरचं स्पेलिंग ‘एस’नंतर ‘एच’ घालून, म्हणजे शोलापूर, असं शोधा. मुंबई इलाख्याची कागदपत्रं मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. जाण्याआधी विभाग आणि वर्ष ठरवून जा, नाहीतर दिवस याद्या चाळण्यात जातो.

स्वातंत्र्यानंतरच्या तिकिटासाठी माहितीचा अधिकार वापरा. टपाल विभाग केंद्राचा आहे, शुल्क १० रुपये. पोस्टल ऑर्डर लेखा अधिकाऱ्याच्या नावे काढायची, किंवा केंद्राच्या आरटीआय संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचं. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘हे तिकीट का काढलं नाही?’ असं विचारलं तर ‘का’चं उत्तर देणं बंधनकारक नाही असं कळवतात. त्याऐवजी कागद मागा: अमुक विषयावर तिकीट काढायच्या प्रस्तावाची टिप्पणी, छपाईचा मागणीआदेश, छापलेल्या प्रतींची संख्या, प्रकाशन रद्द केल्याचा आदेश, साठा नष्ट केल्याचा पंचनामा. घटना वीस वर्षांहून जुनी असेल तर अर्जात कलम ८(३) चा उल्लेख करा. त्या कलमामुळे नकाराची बरीचशी कारणं लागू होत नाहीत. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील.

नष्ट केल्याचा पंचनामा हाती आला तर आकडे जुळवा. छापलेल्या आणि नष्ट केलेल्या प्रतींत फरक असेल तर बाहेर किती राहिल्या असतील याची वरची मर्यादा मिळते. फरक शून्य असेल तर तुमचं तिकीट कुठून आलं, हा प्रश्न अधिक कठीण होतो.

यानंतरच तज्ज्ञांचं प्रमाणपत्र. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञसमिती जगभर मानली जाते. पण शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे निर्बंध आहेत. मूळ वस्तू पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे लेखी विचारा. आधी स्कॅन आणि तुमची टिपणं पाठवून प्राथमिक मत घ्यावं.

तोवर जपायचं कसं

सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात डिंक आक्रसतो, तिकीट नळीसारखं वळतं. ते बोटांनी सरळ करू नका, डिंकाला तडा जातो. पावसाळ्यात तोच डिंक शेजारच्या कागदाला चिकटतो. ग्लासिनच्या (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाच्या) पाकिटात किंवा पॉलिएस्टरच्या फोल्डरमध्ये ठेवा. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पाकिटं वर्ष-दोन वर्षांत तिकिटाला धरतात. अल्बम उभा ठेवायचा, आडवे ढीग नकोत.

पत्र्याच्या छताखालचा माळा आणि पश्चिमेची भिंत टाळा. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट, जमिनीपासून फूटभर वर. आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवून ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहतं का ते बघा. सिलिका जेलच्या पुड्या फक्त जून ते सप्टेंबर ठेवायच्या. उन्हाळ्यात त्या काढल्या नाहीत तर तिकिटं आणखी वळतात. कसर लागलेल्या वह्यांशेजारी हे पाकीट परत ठेवू नका, आणि डांबराच्या गोळ्याही नकोत. गठ्ठ्यातून वेगळं केलेल्या तिकिटाची जागा त्या गठ्ठ्यात चिठ्ठी घालून राखून ठेवा. चिठ्ठीवर तारीख, स्कॅनचा क्रमांक आणि तिकीट आता कुठे आहे ते पेन्सिलने लिहा.